पहाटे तीनला पाठ जमिनीला: हवेची गादी रात्रीत का बसते

आधी लक्षणं सांगतो. तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ओळखा आणि मगच पुढं वाचा. चुकीच्या दुखण्याला ठिगळ लावून चांगली गादी वाया घालवणारे मी बरेच बघितलेत. त्यात मीही एक.

- संध्याकाळी गादी टणक, पहाटे ढिली. पाठ अजून जमिनीला टेकलेली नाही. थोडी हवा भरली की सकाळपर्यंत ठीक.
- झोपल्यावर तास-दीड तासात कंबर आणि खांदे जमिनीला लागतात. उठून भरली तरी पुन्हा तेच.
- वर कुणी झोपलेलं नसतानाही अर्ध्या तासात गादी पापडासारखी सपाट. कान लावला तर फुसफुस ऐकू येते.
- गादी टणक आहे, हवा जागच्या जागी आहे, तरी पाठ गारठते. वरची बाजू ऊबदार, खालची बर्फ.
- सकाळी स्लीपिंग बॅग ओलसर लागते, पायाकडं जास्त.
- गादीवर एका ठिकाणी मोठं टेंगूळ आलंय आणि बाकीची गादी पुरेशी फुगत नाही.

आमच्या ग्रुपचं सगळं सामान बेळगावच्या वडगावात माझ्या घरी माळ्यावर असतं. तंबू, दोऱ्या, कंदील, स्लीपिंग बॅगा आणि सात हवेच्या गाद्या. जागा माझ्याकडं म्हणून दुरुस्तीही माझ्याकडंच आली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कुणी जांबोटी-कणकुंबीला जातं, कुणी राजहंसगडाच्या पायथ्याला, कुणी चंदगडवरून पारगडला. सोमवारी सकाळी गादी दारात टाकतात आणि बूटही न काढता सांगतात, "फुटलीय बघ रे तुझी गादी." निम्म्याहून जास्त वेळा ती फुटलेली नसते.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. फुकटातलं आधी, मग पाच-दहा रुपयांचं, मग गोंद, आणि शेवटी खिशाला हात.

१. गादी भरली कधी ते आठवा

याला पैसा लागत नाही आणि गादीला हातही लावावा लागत नाही, म्हणून हे पहिलं.

आपल्याकडं हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्यात मोठा फरक असतो. दुपारी चारला मोकळ्या माळावर ३० अंश असतं, पहाटे त्याच जागी १२-१३. हवा गार झाली की आक्रसते. ३० अंशांची हवा १३ वर आली तर ती साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी जागा घेते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण गादीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो तो मुळात तीन-चार टक्क्यांनीच. त्या तीन-चार टक्क्यांवरच तुम्ही तरंगत असता. थंडीनं तेवढं खाल्लं की गादी ढिली पडणारच, भोक असो नसो.

तोंडानं फुगवली असेल तर आणखी वाईट. श्वास अंगाइतका गरम आणि वाफेनं भरलेला असतो. आत गेला की तो लगेच गार होतो, वाफेचं पाणी होतं आणि गादी तासाभरातच मऊ लागते. तेच पाणी आत राहून पुढं बुरशी धरते. पावसाळ्यानंतर गादी उघडल्यावर कुबट वास येतो, तो बऱ्याचदा याचाच.

उपाय एवढाच. गादी संध्याकाळी भरून ठेवा आणि झोपायच्या आधी, नऊ-दहाला, गार हवेत चार पंप पुन्हा मारा. पहिलं लक्षण असेल तर तुमचं काम इथंच संपलं.

नवी गादी असेल तर आणखी एक. जाड प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या गाद्या पहिल्या दोन-तीन वेळा भरल्यावर ताणून सैल होतात. ते फुटणं नव्हे. घरातच दोन रात्री भरून ठेवा, ताणायचं ते ताणून घेऊ दे. दुसऱ्या रात्री तिच्यावर तांदळाची २५ किलोची पिशवी ठेवा. सकाळी पिशवी जमिनीला टेकली नसेल तर गादी निर्दोष आहे, आणि बिल टाकून द्यायचं की नाही तेही तुम्हाला कळलं.

मात्र ढिली पडते म्हणून दुपारीच नगाऱ्यासारखी टणक करून उन्हात टाकू नका. तीच हवा उन्हात प्रसरण पावते आणि जोड सुटतो. मधोमध बसल्यावर बूड जमिनीला टेकत नाही, एवढीच टणक पुरे.

२. बूच

भोक शोधायच्या आधी बूच बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या दारात आलेल्या खऱ्या गळत्यांमधला सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच आहे.

बहुतेक मोठ्या गाद्यांना दुहेरी बूच असतं. आत एक पातळ पडदा असतो, तो हवा आत जाऊ देतो आणि बाहेर येऊ देत नाही. त्याच्यावर फिरकीचं किंवा दाबून बसणारं टोपण असतं. पडद्याच्या कडेला वाळूचा एक कण अडकला तरी तो नीट बसत नाही. वर कुणी नसताना हवा टिकते, कारण दाब कमी असतो. माणूस झोपला की दाब वाढतो आणि त्या फटीतून हवा निघत राहते. वर दिलेलं दुसरं लक्षण याचं आहे.

एका वर्षी कणकुंबीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर आम्ही तंबू लावला. मळणी होऊन चार दिवस झालेले, खळं शेणानं सारवलेलं, त्याहून चांगली जागा कुठली मिळणार? रात्री अकराला एक गादी बसली. बॅटरीच्या उजेडात आमच्या एका हुशार मित्रानं तिच्यावर दोन ठिगळं मारली, कशाच्या आधारावर ते त्यालाच ठाऊक. गादी पुन्हा बसली. घरी आणून बूच उघडलं तर आत भाताचं एक तूस. ओल्या फडक्यानं पुसलं आणि गळती संपली. ती दोन ठिगळं अजून आहेत, गादीला तीट लावल्यासारखी.

तर बूच पूर्ण उघडा. ओल्या सुती फडक्यानं आतला पडदा आणि त्याची बैठक पुसा. कोपऱ्यात कापूस गुंडाळलेली काडी फिरवा. जांबोटीच्या पुढं जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते, ती डोळ्यांना दिसत नाही पण फडक्यावर उमटते. पडदा दुमडला असेल तर बोटानं सरळ करा. फिरकीचं टोपण वाकडं बसलंय का बघा. ते बोटांनीच आवळायचं, पक्कड लावली तर आटे जातात आणि मग त्यावर उपाय नाही. खोबरेल तेल लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. लावू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते.

मग गादी भरा आणि बुचावर साबणाचं दाट पाणी ओता. बुडबुडा वाढत गेला तर कुठून येतोय ते नीट बघा. टोपणाखालून येत असेल तर पुन्हा पुसा. पण बूच जिथं गादीला चिकटवलंय त्या कडेतून येत असेल तर थांबा. त्याचं पुढं सांगतो.

३. जमीन बघा

भोक असेल तर ते कशानं पडलं हे आधी कळायला हवं. नाहीतर ठिगळ लावून तुम्ही त्याच काट्यावर पुन्हा झोपणार.

खानापूर तालुक्यात भात कापलेली जमीन सपाट आणि मऊ दिसते, माणूस तिथंच तंबू टाकतो. पण कापलेल्या भाताची धसकटं वाळली की सुयांसारखी होतात. पूर्वेकडं, सौंदत्ती-गोकाक बाजूला, ज्वारीची धसकटं त्याहून टणक असतात आणि बाभळीचा काटा तर तंबूची जमीन आणि गादी दोन्ही एका दमात पार करतो. घाटाच्या कडेला करवंदाच्या जाळ्या आहेत, आणि कळक तोडलेल्या जागी खुंट राहतात.

सगळ्यात लबाड म्हणजे कुसळ. डिसेंबरनंतर माळावरचं गवत वाळतं आणि त्याचं कुसळ पॅन्टीला, मोज्याला, स्लीपिंग बॅगेला चिकटून तंबूत येतं. म्हणजे धोका खालून नसतो, वरून असतो. ते गादीवर आडवं पडतं, रात्रभर तुम्ही कूस बदलता आणि ते टोकाच्या दिशेनं आत सरकत जातं. सकाळी टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार भोकं, सगळी वरच्या बाजूला. गळती इतकी सावकाश की लक्षण पहिल्यासारखंच दिसतं.

तंबू लावायच्या आधी त्या जागेवर हात फिरवा. हाताला टोचलं ते गादीलाही टोचणार. धसकटं खुरप्यानं मुळाशी कापा किंवा जागा बदला. तंबूखाली काहीतरी जाड हवंच. ताडपत्री असेल तर उत्तम, आणि फुकटात हवी असेल तर जुना फ्लेक्स. आपल्या गावात वाढदिवसांच्या बॅनरला तोटा नाही, मागून घेतला तर आठवड्यानं मिळतो. कुणा भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यावर रात्र काढायची तयारी ठेवा. मात्र तो तंबूच्या जमिनीपेक्षा चार बोटं लहानच कापा. बाहेर आला तर पावसाचं आणि दवाचं पाणी गोळा करून तो तंबूखाली नेतो.

तंबूत शिरताना पॅन्ट झाडायची, मोजे बाहेर. आमच्याकडं हा नियम आहे आणि तो कुणी पाळत नाही.

४. भोक शोधणं

आता खरंच भोक आहे असं धरून चला. शांत खोली, पंखा बंद. गादी भरा, वर वजन ठेवा आणि गाल जवळ नेत सगळीकडून फिरा. ओठ किंवा गाल ओला केला की बारीक वाराही गार लागतो. मोठं भोक एवढ्यात सापडतं. रानात रात्री हीच एक पद्धत चालते.

नाही सापडलं तर साबणाचं पाणी. बादलीत भांड्याचा साबण फेसाळून घ्या आणि स्पंजानं एकेक पट्टा ओला करत चला. ओला केलेला प्रत्येक पट्टा दोन मिनिटं नुसता बघत बसा. घाई करणाऱ्याला कुसळाचं भोक कधीच सापडत नाही, कारण त्याचा बुडबुडा मोहरीएवढा व्हायलाच मिनिट लागतं. आधी दुमडीच्या रेषा बघा, विशेषतः दोन दुमडी एकमेकींना छेदतात ते कोपरे. दरवेळी त्याच घडीत दुमडलेली गादी तिथंच चिरते. मग वरची बाजू, मग खालची.

एक भोक सापडलं म्हणून उठू नका. कुसळं एकटी येत नाहीत. सापडलेली जागा बोटानं धरून कोरडी पुसा आणि मगच मार्करनं गोल करा, ओल्यावर शाई उमटत नाही.

गादीचा वरचा भाग मखमलीसारखा लवदार असेल तर तिथं फेस पसरतो आणि बुडबुडा ओळखू येत नाही. लहान गादी असेल तर हौदात किंवा टिपाडात थोडी थोडी बुडवून बघा. नंतर सावलीत दोन दिवस वाळवा. लव वरून कोरडी लागली तरी मुळाशी ओल धरते.

५. ठिगळ

पहिल्यांदा भोक सापडल्यावर मी गादी घेऊन खानापूर रोडवरच्या एका पंक्चरवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "हे रबर नव्हे की हो, प्लास्टिक आहे. आमचं सोल्युशन चिकटतंय, पण राहत नाही बघा." मी तरी आग्रह केला. राहिलं नाही. दुसऱ्या रात्री ठिगळ नखानं सोललेल्या कांद्याच्या सालीसारखं निघून आलं.

सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं. जड, रेनकोटसारखा वास येणारी गादी पीव्हीसीची. तिला पीव्हीसीचाच गोंद लागतो, तो हार्डवेअरच्या दुकानात विचारा, फुगवायच्या होडीच्या ठिगळाचा संच मिळाला तर अधिक बरं. हलकी, कापडासारखी, घडी केल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होणारी गादी असेल तर ती पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या नायलॉनची, तिला पॉलियुरेथेनचा गोंद. झटपट चिकटणारा गोंद दोन्हीला नको. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, गादी वाकली की तडकतो, आणि त्याचा थर काढल्याशिवाय पुढचं ठिगळ बसत नाही. त्या हुशार मित्राची तीटही त्याचीच होती.

हवा पूर्ण काढा. जागा स्पिरिटनं पुसून वाळू द्या. बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा, पुन्हा पुसा. लवदार बाजू असेल तर तेवढ्या भागातली लव खरवडून गुळगुळीत प्लास्टिक उघडं करावं लागतं, कारण गोंद लवेला धरतो, गादीला नाही. ठिगळ गोल कापा. कोपरे असले की तिथूनच उचलतं. भोकाच्या चारी बाजूंना किमान दोन-अडीच सेंटीमीटर जास्त ठेवा. दोन्हीकडं गोंदाचा पातळ थर द्या, ट्यूबवर सांगितलंय तेवढं थांबा, मग मधून कडेकडं दाबत बसवा. वर पाटा ठेवा. वरवंटा नको, घरंगळतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटता नको, हे गोंद पेट घेतात.

मग २४ तास हात लावायचा नाही. शुक्रवारी रात्री ठिगळ लावून शनिवारी सकाळी निघणाऱ्यांची गादी शनिवारी रात्री बसते. रानात असाल तर डक्ट टेप लावून रात्र काढा, पण घरी आल्यावर तो सोलून त्याचा चिकटा स्पिरिटनं पुसायला विसरू नका.

६. गादी ठीक, पाठ गार

ही तक्रार स्लीपिंग बॅगेच्या नावावर येते. "बॅग बेकार आहे, दुसरी जाड घेऊया." बहुतेक वेळा बॅगेचा काही दोष नसतो.

बॅग ऊब देते ती तिच्यातल्या फुललेल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळं. तुम्ही आडवे झालात की पाठीखालचे तंतू दाबून चपटे होतात आणि तिथं बॅग चादरीइतकीच उरते. खालून थंडी अडवायचं काम गादीचं आहे. आणि साध्या हवेच्या गादीत एवढी मोठी पोकळी असते की आतली हवा फिरत राहते, अंगाची ऊब खाली जमिनीला नेऊन देते. जितकी उंच आणि मऊ गादी, तितकी ती गार. दुकानात बसून बघताना हे कुणालाच कळत नाही.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय घरातच आहे. गादीवर वाकळ अंथरा आणि तिच्यावर बॅग. घोंगडं असेल तर सोन्याहून पिवळं. लोकर दाबली तरी बरीच फुललेली राहते आणि ओल खाऊनही ऊब सोडत नाही. धनगर पावसाळाभर उगीच ते खांद्यावर घेऊन हिंडत नाहीत. टोचतं, एवढाच त्याचा दोष. घोंगडं नसेल तर योगासनाची फोमची चटई. चटई गादीच्या वर ठेवली तर ऊब जास्त, खाली ठेवली तर काट्यापासून बचाव जास्त. मी डिसेंबर-जानेवारीत वर ठेवतो.

एक रात्र हे करून बघा. पाठ गार लागली नाही तर नव्या बॅगेचे पैसे वाचले.

तरीही गारठत असाल तर बॅग उजेडासमोर धरा. तंतू एका बाजूला गोळा होऊन मध्ये नुसतं कापड उरलं असेल तर ती जागा गार पडणारच. वर्षभर बॅग छोट्या पिशवीत कोंबून ठेवली तर तंतू फुलायचं विसरतात. माळ्यावर माझ्या बॅगा जुन्या उशांच्या मोठ्या अभ्र्यांत सैल ठेवलेल्या असतात, घडी न घालता.

नवी घ्यायचीच असेल तर वेष्टनावरच्या तीन आकड्यांतला नेमका कुठला वाचायचा हे समजून घ्या. आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. कम्फर्टचा आकडा सरासरी स्त्री आरामात झोपेल त्या तापमानाचा. लिमिटचा, सरासरी पुरुष अंग आक्रसून कशीबशी झोप काढेल त्याचा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल पण हुडहुडी भरून गारठ्यानं इजाही होऊ शकते, तो. दुकानदार हमखास शेवटचा सांगतो, कारण तो सगळ्यात भारी दिसतो. आपण कम्फर्ट बघायचा. या सगळ्या चाचण्या अंगभर पातळ आतले कपडे आणि खाली ऊब धरणारी गादी गृहीत धरून होतात, हेही तो सांगत नाही.

आपल्या बेळगाव-खानापूरच्या हिवाळ्याला कम्फर्ट ५ ते १० अंशांची बॅग भरपूर झाली. हिमालयासाठीची उणे दहाची बॅग घेऊन आलेला आमचा एक गडी रात्रभर घामानं भिजला, मग चेन उघडून झोपला, आणि पहाटे तोच सगळ्यांत जास्त कुडकुडत होता. पिसांची बॅग हलकी आणि गरम असते, मान्य. पण चोर्ल्याच्या कडेला दव आणि धुकं एवढं असतं की पिसं ओली होऊन चिखलाच्या गोळ्यासारखी बसतात. इथं कृत्रिम तंतूंचीच बरी, धुवायलाही सोपी.

गादीवर आर-व्हॅल्यू असा आकडा असेल तर तो जितका मोठा तितकी खालची थंडी कमी. आत काही नसलेल्या साध्या हवेच्या गादीचा तो जेमतेम १ असतो, बऱ्यापैकी जाड फोमच्या चटईचा दीड ते दोन. दोन्ही एकत्र वापरल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. फोम भरलेली, आपोआप फुगणारी पातळ गादी दिसायला गरीब असते, पण या बाबतीत ती उंच गादीला हरवते. दोघं उंच गादीवर झोपले की एक कुशीवर वळला की दुसरा उडतो, ते वेगळंच.

ओली बॅग

थोडक्यात सांगतो. ती गळती नसते, तुमचाच श्वास असतो. बंद तंबूत रात्रभर सोडलेली वाफ गार कापडावर पाणी होऊन खाली टपकते, आणि पायाकडची बॅग तंबूच्या भिंतीला टेकलेली असेल तर तिथं ती भिजते. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. थंडी वाजते म्हणून तोंड बॅगेत घालून झोपू नका. आणि नदीकाठच्या खोलगट जागेचा मोह टाळा. मलप्रभेच्या काठाला पहाटे धुकं बसतं आणि रात्रीची थंड हवाही उतारावरून तिथंच येऊन साचते. वीस-तीस फूट वर चढलात तरी फरक कळतो. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र जागा निवडायचा प्रश्नच येत नाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम करायचा नाही.)

कुठं थांबायचं

गादी वॉरंटीत असेल तर वरच्या पाचव्या पायरीच्या आधीच थांबा. गोंद लागला की कंपनी हात झटकते. बिल आणि बुडबुड्याचा व्हिडिओ घेऊन आधी दुकान गाठा.

बुचाच्या बैठकीतून किंवा लांब जोडातून हवा जात असेल तर घरी प्रयत्न करू नका. तो जोड उष्णतेनं वितळवून केलेला असतो, वरून गोंद लावला की हवा शेजारून वाट काढते. घरच्या इस्त्रीनं तर मुळीच नको. पीव्हीसी भाजलं की त्याचा धूर फुफ्फुसांना बाधतो आणि गादीला भोकाऐवजी खिडकी पडते. गरम मशीननं ताडपत्री जोडणारे कारागीर असतात, त्यांना गादी दाखवा. ते घेतीलच असं नाही. घेतली तर आधी कडेच्या बिनकामाच्या पट्टीवर चाचणी करायला सांगा.

तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर झोपवू नका, चांगल्याही नाही. मऊ खळग्यात तोंड खाली गेलं तर बाळाला वळता येत नाही.

आणि थंडी वाजते म्हणून तंबूत निखाऱ्याची शेगडी कधीही नको, विझत आलेलीही नको. तिचा वायू दिसत नाही, वास येत नाही. सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की सगळे बाहेर. कुणी कुडकुडायचं थांबलाय पण बोलताना अडखळतोय, असंबद्ध बोलतोय, तर तो बरा झालेला नसतो. ओले कपडे काढा, कोरड्या बॅगेत घाला, १०८ ला फोन करा. घाटात रेंज नसेल तर गाडीत घालून निघा. गादी-बिदी तिथंच राहू दे.

टेंगूळ

शेवटचं लक्षण राहिलं, कारण त्याला उपाय नाही. गादीच्या आत वरचं आणि खालचं कापड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. त्यातली एक तुटली की तिथं टेंगूळ येतं, आणि तिचा भार शेजारच्या पट्टीवर जाऊन ती तुटते. आत हात घालता येत नाही, त्यामुळं कुठलाच कारागीर हे करू शकत नाही.

आमच्याकडं हे एकदाच झालं. कणकुंबीला निघताना पंप घरी राहिला आणि वाटेवर पंक्चरच्या दुकानात कुणीतरी कॉम्प्रेसर लावला. गाडीच्या टायरात ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, गादीला धड एकही लागत नाही. बाहेरून फुटली नाही, आतून दोनदा फटफट वाजलं आणि मधोमध कलिंगडाएवढा गोळा वर आला. सातव्या गादीचं हे असं झालं. गेल्या दिवाळीत मी ती कापली, बूच काढून ठेवलं, आणि तिच्या गोल चकत्या कापून पत्र्याच्या डब्यात भरल्या. सध्या बाकीच्या सहा गाद्यांवरची ठिगळं तिचीच आहेत.